सासूबाईंच्या पायाला काही दुखत नाही, आणि नवरात्र तोंडावर आलंय

प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र, ओळख लपवून, थोडक्यात देतेय.

सासूबाई ६७ वर्षांच्या. मधुमेह १५ वर्षांपासून. गेल्या फाल्गुनात त्यांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी जखम झाली. त्यांनी ती लपवली, असं या भगिनींना वाटतं. नातवाला फरशीवर तांबडे ठिपके दिसले, त्यांचा माग काढत तो आजीच्या पलंगापाशी पोचला. मग तीन महिन्यांहून जास्त ड्रेसिंग, मध्ये काही आठवडे गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर, आणि ज्येष्ठात जखम भरली. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आता ७.१ टक्के आहे. डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, 'गॅसपाशी आणि देवापाशी चपला? आमच्यात चालत नाही.' त्यातच नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी राहायचा त्यांचा बऱ्याच वर्षांचा नेम. पूर्वी कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायच्या, ते गुडघ्यांमुळे सुटलं. पण यंदाही नऊ दिवस पायात काही घालायचं नाही आणि तुळजापुरात गाडीतून उतरून देवळापर्यंत अनवाणी जायचं, हे त्यांनी ठरवलंय. यजमान म्हणतात, 'जखम बरी झाली, शुगर नॉर्मल आली, तिला काही दुखत नाही. नऊ दिवसांनी काय होतंय?' पत्राच्या शेवटी या भगिनी विचारतात, 'मी बोलले की देवाच्या आड येणारी सून ठरते. त्यांना कसं अडवू? की मीच उगाच घाबरतेय?'

उत्तर

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. पण तुमच्या घरात हा वाद देव विरुद्ध डॉक्टर असा मांडला गेलाय, आणि तसा मांडला की त्यात सून हरणारच. मला वाटतं, खरा वाद 'तिला काही दुखत नाही' या वाक्यापाशी आहे. यजमानांचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. त्यांना एवढंच विचारा, फाल्गुनात फरशीवर रक्त सांडत होतं, तेव्हा तरी आईंना कुठे दुखत होतं?

मधुमेह बरीच वर्षं अंगात राहिला की संवेदना नेणाऱ्या नसा निकामी व्हायला लागतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, दोन्ही पायांना साधारण सारखीच, आणि बधिरपणा हळूहळू वर सरकतो. कुणाला मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, पांघरूण सहन होत नाही. कुणाला यातलं काहीच होत नाही, पाय नुसते मुके होतात. अशा माणसाच्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारतं, 'आजी, चप्पल राहिली!' मधुमेहाचा जुना पेशंट समोर आला की हा प्रश्न मी आवर्जून विचारते, चप्पल कधी नकळत निसटलीय का? बहुतेक जण हसतात, आणि मग 'हो' म्हणतात.

पण बधिरपणा हा निम्माच भाग झाला. पायाच्या लहान स्नायूंच्या नसाही दुबळ्या होतात, त्यामुळे बोटं आखडून वाकडी होतात. तळव्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडांची टोकं जमिनीच्या बाजूला उतरतात. घाम येणं बंद झाल्यानं कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. आता शरीराचं सगळं वजन दोन-तीन जागांवरच पडतं. अंगठ्याच्या बुडाशी असलेली जागा त्यातली पहिली. कातडी स्वतःला वाचवायला तिथे जाड होते, त्यालाच आपण घट्टा म्हणतो. आणि हाच घट्टा पुढे चपलेत अडकलेल्या खड्यासारखं काम करतो. तुमच्या-माझ्या चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबून चप्पल झटकतो. सासूबाईंचा खडा टोचत नाही, म्हणून त्या चालत राहतात. घट्ट्याखालचं मांस दाबून दाबून चेचलं जातं, आत थोडं रक्त साकळतं, वरून एक तपकिरी-काळसर डाग दिसतो, आणि एक दिवस तो फुटतो. आपल्याला जखम दिसते तेव्हा आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

म्हणजे जखमेला काटा, काच, खिळा असं काही लागावंच लागतं असं नाही. रोजचं साधं चालणं, त्याच जागेवर, तेवढंही पुरतं. 'नऊ दिवसांनी काय होतंय' याचं हे उत्तर. त्यात अनवाणी म्हटल्यावर आपल्याकडचा बाभळीचा काटा आला, आणि आश्विनातलं दुपारचं ऊन खाऊन तापलेली फरशी आली. आपला पाय अशा फरशीवर क्षणभरही टिकत नाही. बधिर पाय टिकतो, आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतात.

यजमानांचा दुसरा आधार म्हणजे 'जखम बरी झाली'. जखम भरली हे खरं, आणि त्याचं मोठं श्रेय तुमच्याकडे जातं. पण ती ज्या कारणानं झाली ते कारण जागच्या जागी आहे. पाय तसाच बधिर आहे, हाड तसंच खाली उतरलेलं आहे, आणि वर आलेली नवी कातडी जुन्या कातडीइतकी चिवट नसते. मधुमेही पायाची जखम भरलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ४० जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते, तीन वर्षांत सुमारे ६० जणांना. सासूबाईंची जखम भरून अजून वर्षही झालेलं नाही. एरवी 'बरं झालं' म्हणून फाईल बंद करतो, तशी ही फाईल बंद करायची नसते.

तिसरा आधार शुगरचा. ७.१ ही सासूबाईंच्या वयाला छान साखर आहे, ती अशीच ठेवा. साखर ताब्यात असली की जंतुसंसर्गाशी लढणं सोपं जातं, आणि नसांचं आणखी नुकसान रोखायला मदत होते. पण वर्षानुवर्षांत मेलेल्या नसा सहा महिन्यांच्या चांगल्या रिपोर्टनं सहसा जिवंत होत नाहीत. रिपोर्ट रक्ताचा आहे, पायाचा नाही.

पायाचा रिपोर्ट काढायला लॅब लागत नाही. एक साधी तपासणी तुम्ही आज रात्री घरी करू शकता. सासूबाईंना आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. उजव्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, मग डाव्या पायाची तीच तीन बोटं, अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीचं टोक नुसतं टेकवा. एक-दोन सेकंद, हलकेच. दाबायचं नाही, टकटक करायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर संवेदना गेली आहे असं धरायचं. आणि माझी एक सूचना, ही तपासणी तुम्ही करू नका, यजमानांना करायला सांगा. आपण आईच्या अंगठ्याला हात लावतोय आणि आई डोळे मिटून शांत वाट बघतेय, हे एकदा त्यांनी स्वतः अनुभवलं की पुढचं तुमचं बरंचसं बोलणं वाचेल.

यातून मला तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट विचाराविशी वाटते. सासूबाईंचे पाय बघणं हे सुनेचंच काम, असं तुमच्या घरात कधी ठरलं? जखम तुम्ही सांभाळलीत, ड्रेसिंगला तुम्ही नेलंत, आता नाही म्हणायचं तेही तुम्हीच. सासूबाईंनाही सुनेपुढे पाय पसरून बसायला संकोच वाटत असेल. मुलगा आहे, नातूही आहे. तो पोरगा फाल्गुनात तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार निघाला, त्याच्या हातात टॉर्च द्या. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आजीचे दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. दोन मिनिटांचं काम. 'दुखतंय का?' हे विचारायचंच नाही, त्याला काही अर्थ उरलेला नाही. नवा डाग, फोड, भेग, लाली, सूज आणि घट्ट्याखालचा काळपटपणा, हे नजरेनं शोधायचं. तळव्यावर हाताची मागची बाजू फिरवून एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का, तेही बघायचं.

तुमच्या पत्रात 'त्यांनी जखम लपवली' असं एके ठिकाणी आलंय. मला नाही वाटत. त्यांना ती माहीतच नसावी. हा आरोप मागे घेतलात तर सासूबाई तुमचं ऐकण्याची शक्यता वाढेल, असं माझं आपलं मत.

आता चप्पल. बधिर पायाला काय लागतं हे आपल्या देशात फार आधी कळलं होतं, तेही कुष्ठरोग्यांमुळे. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक काम करत. कुष्ठरोगात बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्यानं वारंवार इजा होते आणि तिनं ती झिजतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९६६ साली ते अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तोच विचार मधुमेहींच्या पायांना लागू झाला. सासूबाईंना घातलेलं गुडघ्यापर्यंतचं प्लॅस्टर त्याच परंपरेतलं. आणि दुकानात 'एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल' म्हणून जी मिळते, तिचा मऊ सच्छिद्र रबरही आपल्याकडे आधी कुष्ठरोग्यांच्या चपलांसाठी वापरात आला. तेव्हा 'हे शहरी डॉक्टरांचं नवं फॅड' असं कुणी म्हणालं, तर हा इतिहास सांगा.

ही चप्पल कशी असावी? वरचा थर मऊ, खालचा तळ इतका कडक की काटा आरपार येणार नाही. अंगठ्याची चप्पल नको. त्या पट्टीनं बेचकीत घासतं, आणि चप्पल टिकवायला बोटं आवळून धरावी लागतात. मागे पट्टा हवा, पुढे रुंद हवी, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. मापाला संध्याकाळी जा, तेव्हा पायावर दिवसभराची सूज असते. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालायची, काढून तळवा बघायचा, मग वेळ वाढवायचा. घालण्याआधी दरवेळी आत हात फिरवायचा. सासूबाईंना आधी जखम झालेली असल्यानं त्यांच्या पायाचा ठसा घेऊन, अंगठ्याच्या बुडाचा भार कमी करणारी चप्पल बनवून घेतलेली चांगली. ज्यांना जखम कधी झालेली नाही आणि संवेदना शाबूत आहे, अशा मधुमेही वाचकांना एवढं लागत नाही. त्यांना पायात नीट बसणारं साधं पादत्राण पुरे.

घरात चप्पल नको, या म्हणण्यामागे बाहेरची घाण आत येऊ नये हा विचार आहे, आणि तो रास्तच आहे. म्हणून दोन जोड करा. घरातला जोड उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही, आठवड्याला धुतला जाईल. त्यातूनही देवघरापुरता तिसरा, कोरा जोड ठेवता आला तर उत्तम. काही घरांत पाटावर बसून पूजा करायची, तेवढ्यापुरती चप्पल उतरवायची आणि उठताना तिथेच पायात घालायची, अशी तडजोड होते. तीही मला चालते. बसलेल्या माणसाच्या तळव्यावर वजन नसतं. मात्र नुसते मोजे घालून घरभर फिरणं म्हणजे चप्पल नव्हे, आणि खडावा तर अजिबात नकोत.

नेमाचं काय? देवीला काय चालतं हे सांगायचा अधिकार मला नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही सासूबाई तो देणार नाहीत. पण तुळजापूरला जाणाऱ्या बहुतेक घरांचे पिढीजात पुजारी ठरलेले असतात. तुमचेही असतील. यजमानांनी त्यांना फोन करावा, पायाची हकिगत सांगावी आणि आईंशी बोलायला सांगावं. नेम घरातल्या दुसऱ्यानं पुढे चालवायचा किंवा त्याऐवजी दुसरं काही सोडायचं, ही रीत आपल्याकडे नवी नाही. नऊ दिवस अनवाणी राहायची तयारी यजमानांची आहे का, हेही एकदा विचारून बघा. ते 'नऊ दिवसांनी काय होतंय' म्हणतातच आहेत.

आणि एवढं करूनही सासूबाई ऐकल्या नाहीत तर? मग भांडण थांबवा आणि धोका कमी करा. देवळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकी गाडी न्या, चप्पल शक्य तिथपर्यंत पायात ठेवा. दर्शन पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर घ्या, म्हणजे दगड तापलेला नसेल. जिथे चप्पल काढावीच लागते तेवढ्या अंतरापुरते जाड, कोरे, शिवण टोचणार नाही असे मोजे घाला. मोजे चपलेची जागा घेत नाहीत, पण उघड्या तळव्यापेक्षा बरे. कल्लोळ तीर्थापाशी मोजे भिजणार, म्हणून दुसरा जोड पिशवीत ठेवा. बाहेर आल्याबरोबर, गाडी सुरू व्हायच्या आत, तळवे बघा. घरातले नऊ दिवस मात्र चपलेवाचून नकोत, ह्यावर ठाम राहा. नेम पाळायचाच असेल तर तो त्या एका दर्शनापुरता आणा. आणि नऊ दिवसांचा उपवासही असेल, तर साखरेच्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे घटस्थापनेच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या. साबुदाणा-बटाट्यानं साखर चढते, न खाता गोळी घेतली तर ती धोकादायक उतरते, आणि दोन्ही प्रकार मी दर नवरात्रात बघते.

घरोघरी पायाचे जे लाड होतात, त्यांतले काही बधिर पायाला भारी पडतात. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणं त्यांतलं पहिलं. पाणी किती गरम आहे हे त्या पायाला कळत नाही, आणि कातडी मात्र भाजून निघते. शेकायची पिशवी नको, हीटर नको. घट्टा ब्लेडनं घरी तासायचा नाही, औषधी कॉर्नपट्टीही लावायची नाही. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. घट्टा डॉक्टरांकडून नियमित काढून घ्यायचा. तेवढ्यानंच त्या जागेवरचा दाब जवळपास पाव भागानं उतरतो. पाय रोज कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी कोपरानं पाहायचं, बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या करायच्या. पावसाळ्यात तिथेच चिखल्या होतात आणि जंतूंना वाट मिळते. तळव्याला आणि टाचेला खोबरेल तेल खुशाल चोळा, बोटांच्या मध्ये नको. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. पायावर सूज चढत असेल तर जोडवी काढून ठेवा, रुततात आणि कळत नाही. घरात कुणाला तंबाखू, मिश्री, विडी असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी त्याइतकं वाईट काही नाही.

घटस्थापनेआधी एकदा पाय दाखवून या. जखम होऊन गेलेल्यांनी दर एक ते तीन महिन्यांनी पाय तपासून घ्यायचे असतात. ज्यांची संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही चांगले आहेत, त्यांना वर्षातून एकदा पुरतं. या भेटीत डॉक्टरांना पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी हातानं बघायला सांगा. सासूबाईंच्या रक्तपुरवठ्याविषयी तुमच्या पत्रात काहीच नाही. पाय हाताला गरम लागतो म्हणून रक्त नीट येतंय असं समजू नका, बधिर पाय पुष्कळदा गरमच लागतो. घट्टा काढून घ्या, चपलेची चिठ्ठी लिहून घ्या, आणि चप्पल त्यांना घालून दाखवा.

मध्येच कधी काही दिसलं, तर हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर यातलं काहीही न लावता जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडं निर्जंतुक ड्रेसिंग ठेवा, त्या पायावर वजन देणं थांबवा आणि २४ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. वजन देणं थांबवणं हाच यातला सगळ्यात मोठा उपचार आहे, महागडी मलमं त्यानंतर. जखमेभोवती लाली पसरत असेल, पू किंवा वास येत असेल, बोट काळं पडत असेल, ताप असेल किंवा काही कारण नसताना साखर एकदम चढली असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. आणि जखम काहीच नसताना एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तरी तसंच करा. आत हाडं मोडत असू शकतात आणि तेही दुखेलच असं नाही. शनिवारी संध्याकाळी लक्षात आलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.